हानलेला तारे बघायला जायचंय? आधी एक पान लिहा

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: "तुमचा प्रश्न काय आहे?" बरेच जण उत्तरादाखल विषय सांगतात. "मला प्रकाशप्रदूषणावर काम करायचंय." हा विषय झाला. प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर चूक निघू शकतं असं काहीतरी. ते उत्तर मिळवायला कुठे जावं लागेल, कधी जावं लागेल, किती वेळा मोजावं लागेल, हे त्या प्रश्नातूनच ठरतं.

हा फरक नुसता सांगून फारसा कळत नाही. म्हणून आज एक सहल आखू या. लडाखमधल्या हानलेला जाऊन तारे बघायची इच्छा आपल्यातल्या अनेकांना असते. दरवर्षी कुणी ना कुणी ज्युनिअर विचारतो, "कधी जाऊ? किती दिवस लागतील?" नेट-सेट झाल्यावर, फेलोशिपचे पहिले पैसे हातात आल्यावर जायचा बेत असतो. जरूर जा. पण आखणी एखाद्या संशोधन प्रस्तावासारखी करा. पैसे आणि रजा वाया जाणार नाहीत, आणि काही निर्णय असे आहेत जे तिथे पोचल्यावर घेणं धोक्याचं असतं. ते इथे, समुद्रसपाटीच्या जवळ, डोकं ताळ्यावर असतानाच घ्यावे लागतात.

जागेची ओळख

हानले हे पूर्व लडाखच्या चांगथांग भागातलं गाव. उंची साधारण ४,३०० मीटर. लेहपासून अंतर अडीचशे किलोमीटरच्या वर. गावाजवळ टेकडीवर, ४,५०० मीटर उंचीवर भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. तिथल्या २ मीटर व्यासाच्या हिमालयन चंद्रा दुर्बिणीने २००० साली पहिलं आकाश पाहिलं. ही दुर्बीण उपग्रहामार्फत बेंगळुरूजवळच्या होसकोटेहून चालवली जाते. शेजारीच ०.७ मीटरची 'ग्रोथ-इंडिया' ही आपोआप चालणारी दुर्बीण आहे. तिच्यात आयआयटी मुंबईचा वाटा आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेली २१ मीटरची 'मेस' ही गॅमा किरणांची दुर्बीणही इथेच आहे. गॅमा किरण वातावरणात शिरले की निळसर प्रकाशाची अतिशय क्षीण, क्षणभराची चमक उठते. ती टिपायची तर भोवती अंधार हवाच.

हा अंधार टिकावा म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये लडाख प्रशासनाने वेधशाळेभोवतीचा १,०७३ चौरस किलोमीटरचा भाग 'डार्क स्काय रिझर्व्ह' म्हणून जाहीर केला. गावातल्या काही जणांना दुर्बिणी आणि प्रशिक्षण देण्यात आलं. तेच आता पाहुण्यांना आकाश दाखवतात.

दुसरी गोष्ट सहलीच्या फोटोंत फारशी दिसत नाही. हानले ही पाणथळ जागा आहे. खोऱ्यातून वाहणारी नदी वळणं घेत पसरते आणि दलदलीची कुरणं तयार होतात. काळ्या मानेचा क्रौंच हा लडाखचा राज्यपक्षी. उन्हाळ्यात तो इथे घरटं करतो. म्हणजे तुम्ही ज्या अंधारात उभे राहणार आहात, त्याचे आधीपासूनचे रहिवासी आहेत. हे लक्षात ठेवा, आपल्या आखणीत ते दोनदा येणार आहे.

प्रश्न आधी, जागा नंतर

"आकाशगंगा बघायची आहे" हे कारण मनासाठी पुरेसं आहे, आखणीसाठी नाही. थोडं गणित करू.

आकाशगंगेचा मध्यभाग खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे २९ अंश दक्षिणेला आहे. हानलेचा अक्षांश जवळपास ३३ अंश उत्तर. तेव्हा हानलेहून तो मध्यभाग जास्तीत जास्त ९० - ३३ - २९ = २८ अंश वर येतो. आपल्याकडे १९ अंश अक्षांशावर तोच ४२ अंश वर येतो. ओमेगा सेंटॉरी हा सुंदर तारकागुच्छ आणखी दक्षिणेला, ४७ अंशांवर. हानलेहून तो जेमतेम १० अंश वर येतो, आणि तिथे क्षितिजावर डोंगर आहेत. त्रिशंकू म्हणजे दक्षिणेचा क्रॉस तर हानलेहून उगवतच नाही. सिंधुदुर्गातून तो दिसतो.

तुमचा प्रश्न दक्षिणेच्या आकाशाबद्दल असेल, तर हजारो रुपये खर्चून उत्तरेला जाण्यात अर्थ नाही. कोकणातला एखादा अंधारा किनारा तुम्हाला जास्त देईल. जागा प्रसिद्ध आहे म्हणून प्रश्न तिला चिकटवायचा, ही सवय प्रबंधातही महागात पडते.

मग हानलेलाच जाऊन विचारावा असा प्रश्न कोणता? उदाहरणासाठी मी हा घेते:

आकाशगंगा डोक्यावर असताना आणि नसताना, माथ्यावरच्या आकाशाच्या उजेडात किती फरक पडतो?

हा प्रश्न साधा आहे, पण शहरात त्याचं उत्तर मिळत नाही. तिथे दिव्यांचा उजेड इतका असतो की आकाशगंगेचा वाटा त्यात बुडून जातो. हानलेसारख्या ठिकाणी तो वेगळा दिसू शकतो. शिवाय हा प्रश्न एका जागी उभं राहून, खिशात मावणाऱ्या एका उपकरणाने सुटतो. याचं महत्त्व पुढे येईल.

तारीख कशी काढायची

तारखेवर तीन गोष्टींचा हक्क आहे: चंद्र, सूर्य आणि पक्षी.

चंद्रासाठी ॲपच पाहिजे असं नाही, भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. संकष्टीचा चंद्रोदय बहुधा साडेआठ ते दहाच्या आसपास असतो, हे घरात सगळ्यांना तोंडपाठ असतं. त्यानंतर चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. कृष्ण अष्टमीला तो मध्यरात्रीच्या सुमाराला येतो, चतुर्दशीला पहाटे. एक सावधगिरी: आपल्याकडच्या दिनदर्शिकेत वेळा बहुधा मुंबईच्या असतात. हानले मुंबईच्या ६ अंश पूर्वेला आहे. दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे तिथे सगळं साधारण २५ मिनिटं आधी घडतं. अक्षांशामुळे त्यात आणखी थोडा फरक पडतो, तेव्हा अंतिम वेळा हानलेचे अक्षांश-रेखांश घालूनच काढा.

"अमावस्येच्या आगेमागे दोन दिवस" असा सल्ला सगळीकडे मिळतो. आपल्या प्रश्नासाठी तो पुरेसा नेमका नाही. आपल्याला संध्याकाळ, मध्यरात्र आणि पहाट, तिन्ही वेळी चंद्र नको आहे. अमावस्येच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत चंद्राची कोर पहाटे पूर्वेला असते, ती पहाटेचं मोजमाप बिघडवते. अमावस्येनंतरची कोर सूर्यामागोमाग मावळते. शरद ऋतूत तर ती आपल्या उत्तरेच्या अक्षांशांवर फारच लवकर खाली जाते. त्यामुळे आपल्या रात्री ठरल्या: अमावस्या, प्रतिपदा, द्वितीया. तृतीया राखीव.

आता सूर्य. सूर्यास्त झाला म्हणजे अंधार झाला असं नसतं. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेला की खगोलीय संधिप्रकाश संपतो आणि खरी रात्र सुरू होते. हानलेच्या अक्षांशावर अशी खरी रात्र जूनच्या अखेरीस सव्वासहा तासांची असते, सप्टेंबरच्या अखेरीस नऊ तासांची आणि डिसेंबरमध्ये अकरा तासांची. डिसेंबर मोठा, पण थंडी जीवघेणी. जूनची रात्र छोटी.

आणि पक्षी. क्रौंचाची वीण उन्हाळ्यात असते. जोडी बहुधा दोन अंडी घालते. सप्टेंबरपर्यंत पिल्लं बऱ्यापैकी मोठी होतात आणि ऑक्टोबरपासून पक्षी जागा सोडू लागतात. ऐन विणीच्या महिन्यांत दलदलीजवळ माणसांची वर्दळ वाढवणं टाळता येत असेल तर टाळावं.

तिघांचा मेळ घातला की बोट पडतं ते सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच्या अमावस्येवर. आपल्या पंचांगात ती बहुतेक वेळा सर्वपित्री अमावस्या असते. लगेच दुसऱ्या दिवशी घटस्थापना. घरी अडचण होणार आहे, हे आत्ताच सांगून ठेवते. "पितृपक्षात निघायचं, अवसेला प्रवास करायचा आणि घट बसतील तेव्हा घरात नाही?" याला माझ्याकडे वैज्ञानिक उत्तर नाही. आईला तारीख दोन महिने आधी सांगा, एवढंच सुचवते.

त्या रात्रीचं आकाश

तारीख ठरल्यावर आपल्या प्रश्नाला आकाश कशी साथ देतं ते पाहा. सप्टेंबरच्या अखेरीस साडेसातच्या सुमाराला संधिप्रकाश संपतो तेव्हा हंस तारकासमूह जवळजवळ डोक्यावर असतो. त्यातून आकाशगंगेचा ठळक पट्टा जातो. रात्री एकच्या सुमाराला माथ्यावर देवयानी येते, आणि आकाशगंगेचा पट्टा तिथून पंचवीस-तीस अंश बाजूला सरकलेला असतो. पहाटे साडेचारला सारथी आणि ययाती माथ्याजवळ येतात. तिथे पुन्हा आकाशगंगा आहे, पण तिची बाहेरची, फिकी बाजू.

म्हणजे एकाच रात्री, पाय न हलवता, तीन वेगवेगळ्या अवस्था मिळतात: ठळक आकाशगंगा, जवळजवळ नाही, आणि फिकी. पृथ्वीच आपलं उपकरण फिरवते. ऑक्टोबरच्या मध्याला गेलात तर हे सगळं सुमारे एक तास आधी घडेल.

मोजायचं कशाने

'स्काय क्वालिटी मीटर' नावाचं छोटं उपकरण असतं. तुमच्या विभागात किंवा एखाद्या खगोल मंडळाकडे उसनं मिळतं का ते आधी विचारा. भिंगाचं मॉडेल घ्या, ते आकाशाचा साधारण २० अंशांचाच तुकडा बघतं. ते आकाशाचा उजेड 'प्रत प्रति चौरस आर्कसेकंद' या एककात देतं. आकडा मोठा म्हणजे आकाश गडद. मानवी उजेड नसलेलं चांगलं आकाश २२ च्या आसपास असतं, शहरात १८ वगैरे. फरक फक्त ४ चा वाटतो, पण ही मोजपट्टी लॉगरिदमची आहे. ५ प्रतींचा फरक म्हणजे १०० पट, तर ४ प्रतींचा म्हणजे सुमारे ४० पट.

या उपकरणाची अचूकता साधारण ०.१ प्रत आहे. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. संध्याकाळी २१.४५ आणि मध्यरात्री २१.५० आलं, तर "आकाश गडद झालं" असं म्हणायचा अधिकार तुम्हाला नाही.

दुसरी अडचण: आकाशाला स्वतःचाही मंद उजेड असतो. वरच्या वातावरणातले अणू-रेणू दिवसा साठवलेली ऊर्जा रात्री सोडतात, त्याला वायुदीप्ती म्हणू. ती रात्रीत बदलते, रात्री-रात्रीतही बदलते. सूर्य खवळलेला असेल तर आणखी काही घडू शकतं. १० मे २०२४ च्या रात्री मोठ्या सौरवादळात हानलेच्या आकाशात लाल ध्रुवीय प्रकाश टिपला गेला होता. त्यात पहाटे पूर्वेला राशिप्रकाशाचा तिरपा सुळका असतो. ग्रहांच्या प्रतलातल्या धुळीवरून परतलेला तो सूर्यप्रकाश, आणि शरदातल्या पहाटे तो चांगला उठून दिसतो. मग संध्याकाळ आणि मध्यरात्र यांतला फरक आकाशगंगेमुळे की या बाकीच्यांमुळे?

एका रात्रीच्या मोजमापावरून हे सांगता येत नाही. तीन रात्री त्याच वेळांना मोजलं आणि तिन्ही वेळा फरक त्याच दिशेने, तेवढाच आला, तर आकाशगंगेची बाजू बळकट होते. पुनरावृत्ती हा शब्द आपण पद्धतीच्या पुस्तकात वाचतो, त्याचं काम इथे कळतं.

नोंद घेण्याची रीत साधी ठेवा. उपकरण दहा-पंधरा मिनिटं बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. प्रत्येक वेळी सहा वाचनं घ्या, पहिलं सोडून द्या, उरलेली पाचही लिहा. नुसती सरासरी लिहू नका, विखुरणं हीसुद्धा माहिती आहे. वेळ, तापमान, ढग, जवळपास दिवा होता का, हे रकाने आधीच आखून न्या. थंडीने बोटं आखडली की नवे रकाने सुचत नाहीत. पेन गोठतं, पेन्सिल न्या.

आणि हे सगळं निघण्याआधी घरी करून पाहा. एक रात्र गच्चीवर, एक रात्र गावाकडच्या अंधारात. जमलं तर पेंचला जा. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, आणि ते महाराष्ट्रातच आहे. या सरावाला संशोधनात पायलट स्टडी म्हणतात. रकाना कमी पडला हे नागपूरजवळ कळलं तर स्वस्तात सुटतं.

डोळाही एक उपकरण आहे

हानलेला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच असतो. याचा परिणाम फुप्फुसांवर होतो हे सगळ्यांना माहीत आहे. डोळ्यावर होतो हे कमी जणांना माहीत असतं. अंधारात बघण्याचं काम डोळ्यातल्या दंडपेशी करतात, आणि त्यांना ऑक्सिजन भरपूर लागतो. ऑक्सिजन कमी पडला की रात्रीची नजर आधी मंदावते. रात्री उडणाऱ्या वैमानिकांना हे मुद्दाम शिकवलं जातं.

त्यामुळे गंमत अशी होते की आकाश देशातल्या उत्तमांपैकी, आणि ते बघणारा डोळा मात्र मंद. पहिल्या रात्री तुम्ही एखाद्या तारकासमूहात दहा तारे मोजलेत आणि तिसऱ्या रात्री चौदा, तर आकाश सुधारलं असा निष्कर्ष काढू नका. शरीर रुळलं, हे साधं स्पष्टीकरण आधी तपासा. उपकरण आणि डोळा दोन्ही वापरा, पण नोंदी वेगळ्या ठेवा.

अंधाराला रुळायलाही वेळ लागतो, निदान २० ते ३० मिनिटं. मोबाइलच्या पांढऱ्या उजेडाकडे एकदा बघितलं की घड्याळ पुन्हा शून्यावर. टॉर्चवर लाल जिलेटिनचे दोन-तीन थर लावा आणि मोबाइल बंद करून आतल्या खिशात ठेवा. थंडीत बॅटऱ्याही अंगाच्या उबेत जास्त टिकतात.

उंचीचं वेळापत्रक

इथे तडजोड नको. डोंगरी वैद्यकातला सर्वमान्य नियम असा: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांत एक दिवस विश्रांतीचा ठेवावा. लेह ३,५०० मीटरवर आहे. विमानाने गेलात तर तुम्ही एका सकाळीत तिथे टेकता, शरीराला काही कळायच्या आत.

म्हणून आपलं वेळापत्रक असं: कृष्ण एकादशीला लेह. एकादशी, द्वादशी, त्रयोदशी या तिन्ही रात्री लेहमध्ये, पहिला दिवस तर नुसता पडून. चतुर्दशीला चुमाथांग, साधारण ४,००० मीटर, तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. अमावस्येला न्योमा, लोमा करत हानले. त्या रात्री फक्त संध्याकाळचं मोजमाप घ्यायचं आणि झोपायचं. पोचल्या रात्रीच जागरण केलंत तर पुढच्या दोन रात्री हातच्या जातील. पूर्ण रात्री दोनच: प्रतिपदा आणि द्वितीया.

पंचांगात एखाद्या तिथीचा क्षय किंवा वृद्धी असते, तेव्हा तारखांशी ताडून घ्या. औषधांचं म्हणाल तर निघण्याआधी डॉक्टरांना भेटा, मित्राच्या सांगण्यावरून गोळ्या घेऊ नका. चांगथांगमधल्या प्रवेशाचे नियम आणि शुल्क बदलत असतात. निघायच्या आठवड्यात लेह जिल्हा प्रशासनाच्या अधिकृत संकेतस्थळावर बघा. हा सीमेजवळचा भाग आहे, तेव्हा ओळखपत्राच्या प्रती जवळ ठेवा आणि ड्रोनचा विचारही करू नका.

जे मोजायचं तेच बिघडवू नका

मघाशी म्हटलं होतं की आपला प्रश्न एका जागी उभं राहून सुटतो. त्याचं कारण असं. प्रकाशप्रदूषणाचा विषय म्हटला की पहिला प्रस्ताव सुचतो तो हा: गावात, गावापासून दोन किलोमीटरवर आणि पाच किलोमीटरवर मोजू. कागदावर चांगला आहे. पण तो राबवायचा तर रात्री गाडी फिरवावी लागेल. हेडलाइटचा झोत दलदलीवर पडणार, विसावलेले पक्षी उठणार, टेकडीवर चाललेल्या निरीक्षणात उजेड घुसणार. ज्या अंधाराचं मोजमाप करायला आलो, तोच आपण कमी करणार. गावकऱ्यांनी दिव्यांवर झाकणं आणि खिडक्यांना पडदे लावून जे सांभाळलंय, ते पाहुण्याच्या एका चक्करीत वाया जातं.

म्हणून तो प्रश्न आपण सोडला. संशोधनात नैतिकता म्हणजे शेवटी भरायचा फॉर्म नव्हे. कोणता प्रश्न विचारायचा, हे ती सुरुवातीलाच ठरवते.

बाकीचं पथ्य सोपं आहे. दिवसाउजेडी जागा निवडा. ती दलदलीपासून लांब, कोरड्या आणि थोड्या उंच जमिनीवर असू द्या. थंड हवा रात्री खोलगट भागात उतरते, पाण्याजवळ भिंगावर दव किंवा हिम धरतं, त्यामुळे मोजमापासाठीही उंचवटाच बरा. कुरणावर गाडी घालू नका, चाकांच्या खुणा तिथे वर्षानुवर्षं राहतात. उरलेलं अन्न बाहेर टाकू नका. त्यावर भटकी कुत्री पोसली जातात, आणि क्रौंचाच्या अंड्यांना आणि पिल्लांना त्यांचा मोठा धोका आहे. आकाश दाखवणाऱ्या स्थानिकांपैकी एकाला सोबत घ्या आणि त्यांचा मोबदला अंदाजपत्रकात धरा. त्या आकाशाखाली ते वर्षभर राहतात, तुमच्या वहीत नसलेला रकाना तेच सुचवतील.

ढग आले तर

हानलेला वर्षात साधारण २७० रात्री निरभ्र असतात असं वेधशाळेच्या निरीक्षणांवरून सांगितलं जातं. म्हणजे कुठलीही एक रात्र निरभ्र असण्याची शक्यता सुमारे ०.७४. तीन रात्री थांबलात तर निदान एक निरभ्र मिळण्याची शक्यता १ - (०.२६)³, म्हणजे ९८ टक्के. निदान दोन हव्या असतील तर ८३ टक्के.

आकडे छान आहेत, आणि म्हणूनच त्यांच्यावर संशय घ्या. या हिशोबात दोन गोष्टी गृहीत आहेत. एक, वर्षभर शक्यता सारखीच आहे. दोन, आजच्या रात्रीचा उद्याच्या रात्रीशी संबंध नाही. दुसरं तर उघडच खोटं आहे, कारण ढग आले की दोन-तीन दिवस मुक्काम ठोकतात. खरी शक्यता त्यामुळे कमी. मुलाखतीत कुणी असं गणित फळ्यावर मांडायला लावलं, तर उत्तर काढून थांबू नका, गृहीतकं स्वतःहून सांगा. समोरच्यांना तेच ऐकायचं असतं.

आणि तिन्ही रात्री ढगाळ गेल्या तर? वहीत "ढग, मोजमाप नाही" असं वेळेसकट लिहा. ती रिकामी रात्र नाही, ती नोंद आहे. पुढच्या वर्षी जाणाऱ्या ज्युनिअरला तिचा उपयोग होईल.

परत फिरण्याची अट

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. समजा प्रतिपदेच्या संध्याकाळी तुमच्यापैकी एकाचं डोकं ठणकतंय, मळमळतंय. आकाश लख्ख आहे. वर्षभर पैसे साठवलेत. तो म्हणतो, "काही नाही रे, होईल बरं. तुम्ही मोजा." काय कराल?

तिथे, त्या क्षणी, हा निर्णय नीट घेता येत नाही. विरळ हवेत विचारशक्तीही मंदावते, आणि आजारी माणसाला आपण आजारी आहोत हे पटत नाही. त्यात खर्च झालेल्या पैशांचा ओढा असतो. म्हणून अट इथे, घरी, कागदावर लिहायची आणि सगळ्यांनी त्याखाली सही करायची:

डोकेदुखीसोबत मळमळ किंवा भोवळ असेल, तर त्या रात्री निरीक्षण नाही आणि आणखी वर जाणं नाही. लक्षणं वाढली तर खाली उतरायचं. सरळ रेषेत चालता येत नसेल, बोलण्यात गोंधळ असेल, बसल्या जागी दम लागत असेल किंवा फेसाळ खोकला असेल, तर क्षणाचीही वाट न बघता, रात्र असली तरी खाली उतरायचं आणि वैद्यकीय मदत गाठायची. गाडी आणि चालक त्यासाठी प्रत्येक रात्री मुक्कामाच्या ठिकाणी हजर हवेत. या एका कारणासाठी हेडलाइट लावायला कुणाचीही हरकत नसते.

याच अटीत उमलिंग लाही घाला. हानलेहून तो सुमारे ५,८०० मीटरचा घाट जवळ आहे, आणि "आलोच आहोत तर" म्हणून अनेक जण जातात. आपल्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही, म्हणून तो यादीत नाही.

औषधांच्या चाचण्यांमध्येही हेच करतात. प्रयोग कधी थांबवायचा याचे नियम तो सुरू होण्याआधी लिहून ठेवतात, कारण निकाल समोर दिसू लागले की प्रत्येकाला थोडं आणखी पुढे जावंसं वाटतं.

ते एक पान

तर निघण्याआधी एका पानावर सात ओळी लिहा. प्रश्न काय. उत्तर चूक आहे हे कशावरून कळेल. तारखा कोणत्या आणि त्याच का. काय मोजणार, किती वेळा, किती अचूक. निष्कर्ष बिघडवू शकणाऱ्या गोष्टी कोणत्या. कुणाला त्रास होऊ शकतो आणि तो टाळण्यासाठी काय सोडलं. कधी परत फिरणार.

सातवी ओळ लिहिता आली नाही तर तिकीट काढू नका. बाकी सहांपैकी एखादी कच्ची राहिली तर चालेल, पेंचच्या रात्रीत ती सुधारेल. हे पान मार्गदर्शकांना दाखवा. भौतिकशास्त्रातले नसले तरी दाखवा, ते कुठे बोट ठेवतात ते बघा.

आणि द्वितीयेच्या रात्री, एकचं वाचन झालं की पेन्सिल खाली ठेवून दहा मिनिटं नुसतं वर बघा. त्या दहा मिनिटांसाठी रकाना आखायचा नाही.